भोपळ्याचा झगा

मायबहिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या बंधूंनो! तुम्हीही पुढे या. शिवण म्हणजे काही केवळ बायकांचे काम नव्हे. बाजारात यंत्र मांडून बसतो तो शिंपी बहुधा पुरुषच असतो. पंढरीचे नामदेव महाराज शिंप्याच्याच घरचे. तेव्हा संकोच नको. सतरंजीवर जागा आहे.

आज आपण एक झगा शिवणार आहोत. झगा साधा नाही, गोष्टीतला आहे. भोपळ्यात बसून घरी परत येणारी म्हातारी तुम्हांला ठाऊक आहेच. लेकीकडे जाताना तिला वाटेत जनावरे भेटली. तुला खातो म्हणाली. परत येताना खा, तेव्हा मी चांगली धष्टपुष्ट होऊन येईन, असे सांगून म्हातारी सुटली. आणि परत आली ती भोपळ्यात बसून, टुणटुण उड्या मारीत. ही गोष्ट ऐकल्याशिवाय आपल्याकडे कुणी मोठे झालेले नाही. अक्षर न येणाऱ्या आजीनेही ती सांगितलेली असते.

आता ही म्हातारी शाळेच्या रंगमंचावर कशी आणायची, एवढाच आजचा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, गुरुजींना हे काय सुचले? कारण आहे. डिसेंबर-जानेवारी आला की पुसदला आणि आसपासच्या गावांत शाळांची स्नेहसंमेलने सुरू होतात. पोरं घरी येऊन सांगतात, ‘मला वाघ केलं’, ‘मला परी केलं’. आई कौतुकाने ऐकते. दुसऱ्या दिवशी पोरगी सांगते की वाघाचा पोशाख भाड्याने आणायचा आहे, इतके इतके पैसे. तेथे कौतुक संपते. हे दिवस कपाशीच्या वेचणीचे. बाई दिवसभर वाकून कापूस वेचते, संध्याकाळी वजन होते, आणि त्या मजुरीतून तेलमीठ, औषध, देणे, सगळेच भागवायचे असते. एका संध्याकाळच्या वाघासाठी पैसे कोठून काढायचे?

आम्ही नोकरीत असतानाची एक हकीकत सांगतो. गाव सांगत नाही, शाळाही सांगत नाही. एका शाळेत असे ठरवून टाकले होते की सर्व मुलांनी पोशाख एकाच दुकानातून भाड्याने आणायचे, म्हणजे रंगमंच चांगला दिसतो. एक बाई आमच्याकडे आली. तांड्यावरची बंजारा बाई. अंगावर स्वतः शिवलेली फेटिया आणि कांचळी. त्यावर आरसे, कवड्या, लाल-पिवळा दोरा. असे सुबक काम की पाहत राहावे. बाई म्हणाली, ‘‘गुरुजी, माह्या पोरीचं नाव काढून टाका. ते नाचत नाही म्हणते.’’

पोरगी तिच्यामागेच उभी होती. ती काही बोलली नाही. पण ती नाचत नाही, असे तिने कधीच म्हटले नव्हते, हे तिचे तोंड पाहून आम्हांला कळले.

आता पाहा, त्या बाईच्या अंगावर जे वस्त्र होते ते भाड्याच्या कोणत्याही पोशाखाहून दसपट चांगले होते. तिच्या हाताला शिवण येत होती. नव्हते ते एवढेच, की गोष्टीतला पोशाख कागदावर कसा बेतायचा आणि फितीवरचा आकडा कसा वाचायचा, हे तिला कुणी दाखवले नव्हते. आम्ही पोरीचे नाव काढले नाही. शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी वर्तमानपत्राचा नमुना कापून दिला. त्या आईने झगा शिवला, आणि त्याला दोन आरसेही लावले. भोपळ्याला आरसे असतात का, असे कुणी विचारले नाही.

तोच नमुना आज तुम्हांला समजावून सांगायचा आहे.

आधी नमुना म्हणजे काय ते समजून घ्या. कापडावर कात्री चालवली की ती परत घेता येत नाही. कागदाचे तसे नाही. कागद चुकला तर दुसरा घ्यावा. म्हणून आधी कागद कापायचा, तो मुलाच्या अंगाला लावून पाहायचा, आणि मग त्याबरहुकूम कापड कापायचे. शिंप्याला हे सारे हाताने आणि नजरेने येते, त्याच्या घरातच ती विद्या असते. पण तुमच्या-आमच्यासारख्याला कागदच गुरू.

अमेरिकेत बटरिक नावाचा एक शिंपी होता. त्याच्या आधीही कागदी नमुने मिळत. पण एकच माप असे, आणि ते आपल्या अंगाप्रमाणे लहान-मोठे करणे घरच्या बाईला जमत नसे. बटरिकने १८६३ साली एकाच कपड्याचे निरनिराळ्या मापांचे नमुने कापून विकायला सुरुवात केली. आधी पुरुषांचे आणि मुलांचे, मग बायकांचे. शिवणयंत्र त्याच सुमारास घरोघर पोचू लागले होते. सिंगर याने आपल्या यंत्राचा हक्क १८५१ साली नोंदवला होता. यंत्र आणि कागद या दोघांनी मिळून शिवण शिंप्याच्या दुकानातून घरात आणली. आपल्याकडे कोलकात्याला तयार झालेले उषा यंत्र पुष्कळांनी पाहिले असेल. पण यंत्र नसले तरी अडत नाही. हा झगा हाताच्या टाक्यांनीही होतो. दोन रात्री जास्त लागतील इतकेच.

आता मापे घेऊ. फीत हातात घ्या. शिवणाची फीत साठ इंचांची असते. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. इंचाची बाजू धरा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. फितीवरचे आकडे इंग्रजी असतात. इंग्रजी नऊ हा आपल्या एकासारखा दिसतो, आणि फीत उलटी धरली तर तोच नऊ सहा होतो. तेव्हा आकडा वाचताना त्याच्या आधीचा आणि नंतरचा आकडाही वाचावा. आधी आठ आणि नंतर दहा असेल तरच तो नऊ. ही सवय लागली की कापड वाया जात नाही.

सात वर्षांची एक मुलगी धरून चालू. तिच्या छातीभोवती फीत धरली. फार ओढू नका, दोन बोटे आत जातील इतकी सैल ठेवा. छाती भरली चोवीस इंच. एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेदहा. खांद्यापासून कमरेपर्यंत दहा. कमरेपासून गुडघ्यापर्यंत सोळा. ही चार मापे पाटीवर लिहा. तुमच्या मुलीची मापे वेगळी येतील, तीच घ्यावीत. आमचे आकडे फक्त रीत कळावी म्हणून.

झग्याचे दोन भाग. वरचा अंगाचा भाग आणि खालचा फुगीर घेर. तो घेर म्हणजेच भोपळा.

वरच्या भागासाठी वर्तमानपत्राचे एक पान घ्या. डावी कड सरळ असावी. या कडेवर मोठ्या अक्षरांत ‘घडी’ असे लिहा. म्हणजे ही कड कापडाच्या घडीवर ठेवायची, येथे कापायचे नाही. हा शब्द वाचला नाही तर झग्याचे मधोमध दोन तुकडे होतात. छातीचा चौथा हिस्सा सहा इंच. त्यात सैलपणासाठी एक इंच आणि शिवणीसाठी अर्धा इंच मिळवा. साडेसात झाले. ही कागदाची रुंदी. उंची दहा, आणि खांद्याला अर्धा व कमरेला अर्धा असे शिवणीचे मिळून अकरा.

वरच्या रेघेवर घडीपासून सव्वादोन इंचांवर गळ्याची खूण करा. घडीपासूनच सव्वापाच इंचांवर खांद्याचे टोक. सव्वापाच का? साडेदहाचे निम्मे म्हणून. खांद्याचे टोक पाऊण इंच खाली घ्या, कारण माणसाचा खांदा उतरता असतो. गळ्याची खोली समोर साडेतीन इंच, पाठीला दोनच. यासाठी कागद दोन करावे लागतात. एकावर ‘पुढचा भाग’ आणि दुसऱ्यावर ‘पाठीचा भाग’ असे लिहा. आता मुंढा, म्हणजे बाहीची जागा. या झग्याला बाही नाही, पण मुंढा हवाच. वरून साडेसहा इंच खाली उतरा, बाजूच्या रेघेवर खूण करा, आणि खांद्याच्या टोकापासून तेथपर्यंत गोलाई काढा. गोलाई काढताना हात कापला तर वाटी किंवा बशी ठेवून काढावी. आमच्या शिवणाच्या बाई तसेच करीत.

कागद कापून मुलीच्या अंगावर टाचणीने लावून पाहा. गळा गच्च वाटला तर आत्ताच थोडा कोरा.

घेराला कागद लागत नाही. तो सरळ चौकोन आहे. लांबी कमरेपासून गुडघ्यापर्यंतची सोळा, फुगण्यासाठी तीन, खालच्या नेफ्यासाठी एक, वरच्या शिवणीसाठी अर्धा. किती झाले? मोजा. साडेवीस. बरोबर. असे दोन तुकडे, पूर्ण पन्ह्याचे.

आता कापड किती आणायचे, हा पैशाचा प्रश्न. पन्हा छत्तीस इंच असला तर घेराचे दोन तुकडे मिळून एक्केचाळीस इंच. पुढचा आणि पाठीचा भाग एकाच पट्टीत शेजारी शेजारी बसतात, त्यांना अकरा इंच. एकूण बावन्न. दुकानात इंच चालत नाहीत. १९५६ सालच्या कायद्याने आपण मेट्रिक मापे स्वीकारली आणि कापड मीटरने मिळू लागले. एक मीटर म्हणजे एकोणचाळीस इंचांहून किंचित जास्त. दीड मीटर म्हणजे एकोणसाठ. म्हणून दीड मीटर पुरे. दुकानदार दोन मीटर घ्या म्हणेल. त्याला म्हणावे, आमचा हिशेब झालेला आहे.

उरलेले कापड धुतल्यावर आटणाऱ्या कापडाची भर काढते, आणि गळ्याच्या पट्ट्याही त्यातूनच निघतात. नवे सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापावे. नाही तर झगा पहिल्या धुण्यातच आखूड होतो.

कापड कोणते घ्यावे? सुतीच घ्या. साधा मांजरपाटही चालेल, पिवळा किंवा केशरी रंगवून घ्यावा. जुने सुती पातळ घरात असेल तर दीड मीटरही विकत घेऊ नका, त्याच्या धडक्या भागातून बेता. चकचकीत नायलॉनचे कापड डोळ्यांना छान दिसते, पण ते आम्ही घेऊ देत नाही. त्याचे कारण ऐका. संमेलनात दीप लावलेला असतो. गावात दिवे गेले की मेणबत्त्या येतात. फुगीर झगा घातलेल्या मुलाला आपला घेर कोठे जातो ते कळत नाही. सुती कापडही पेटते, यात शंका नाही. पण नायलॉन नुसते पेटत नाही, ते वितळून कातडीला चिकटते. म्हणून सुती कापड, आणि फुगीर झगा घातलेले मूल दिव्यापासून दूर. भोपळा फुगावा म्हणून आत कापूस किंवा कागद भरण्याची युक्ती कुणी सांगेल. तीही करू नका. आपण यवतमाळ जिल्ह्यातले, कापूस किती झटकन पेट घेतो हे आपल्याला शिकवायला नको.

कापड जमिनीवर पसरा. आधी घेराचे दोन तुकडे आडवे कापून घ्या. उरलेल्या पट्टीचे दोन्ही काठ मध्यभागी आणून एकमेकांना भिडवा. म्हणजे डाव्या आणि उजव्या हाताला अशा दोन घड्या मिळतात. प्रत्येक घडी नऊ इंच रुंद. आपला कागद साडेसात. एका घडीवर पुढचा भाग ठेवा, दुसऱ्या घडीवर पाठीचा. ‘घडी’ लिहिलेली कड घडीवरच आहे ना, हे वाचून पाहा. मग टाचण्या लावा आणि कापा. कात्रीचे खालचे पाते जमिनीला टेकलेले असावे, कापड उचलू नये.

पाठीच्या भागाला गळ्यापासून खाली पाच इंच सरळ चीर द्या. डोके त्यातून जाते. कडेला पट्टी लावा, वर एक बटण आणि दोऱ्याचा फास. हे विसरले तर झगा सुंदर होतो, पण घालता येत नाही.

घेर अजून सपाट आहे तोवर त्यावर भोपळ्याच्या फाका काढून घ्या. प्रत्येक तुकड्यावर नऊ, अठरा आणि सत्तावीस इंचांवर वरून खाली खडूच्या रेघा ओढा. त्या रेघांवर तपकिरी जाड दोऱ्याने धावदोरा घाला. दोन तुकड्यांच्या सहा रेघा, आणि बाजूंच्या दोन शिवणी. आठ फाकांचा भोपळा तयार. ज्या बहिणींना भरतकाम येते त्यांचा हात येथे दिसू द्या. तांड्यावरच्या बायांना तर काही सांगायलाच नको.

आता जोडणी. उलट्या बाजूने खांदे जोडा. मग अंगाच्या दोन्ही बाजू. घेराचे दोन तुकडेही बाजूंनी जोडा. यंत्र नसेल तर टीप हातानेच घाला, पण टाके बारीक घ्या. ही पोरगी उड्या मारणार आहे. गळ्याला आणि मुंढ्याला तिरकी पट्टी लावावी. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला तिरपी कापलेली पट्टी ताणते, म्हणून ती गोलाईवर सुरकुती न पडता बसते. सरळ पट्टी तेथे चालत नाही.

घेराच्या वरच्या काठाला पाव-पाव इंचावर दोन धावदोरे घाला. दोन्ही दोऱ्यांची टोके धरून हळूहळू ओढा. कापड चुण्यांनी गोळा होते. सत्तर इंचांचा घेर अठ्ठावीस इंचांत बसवायचा आहे. अठ्ठावीस कोठून आले? सात इंचांचे चार भाग. घेराची मधली खूण अंगाच्या मधल्या खुणेला लावा, बाजू बाजूला लावा, आणि चुण्या सारख्या वाटून घ्या. एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ झाल्या तर भोपळा एका अंगाला कुबडा दिसतो. मग शिवून टाका. खाली नेफा दुमडून त्यात सव्वीस इंचांचा इलास्टिक ओवा. इलास्टिक नसल्यास नाडी चालेल, पण तिची गाठ आत खोचून पक्की करा. मूल पायात अडकून पडता कामा नये. झगा घातल्यावर मुलीला चार पावले चालवून, दोन उड्या मारायला लावून पाहा. पाय अडत असेल तर नेफा सैल करा.

घेर लुळा पडला तर तांदळाच्या पेजेची खळ देऊन कडक वाळवावा. भोपळा फुगलेला राहतो.

हिरव्या चिंध्यांची आठ पाने कापून कमरेच्या शिवणीवर टाका. डोक्याला जुन्या लुगड्याचा तुकडा म्हातारीसारखा गुंडाळा, कपाळाशी पांढऱ्या कापसाची बट चिकटवण्याऐवजी पांढरे सूत शिवा. तोंडाला काळे-पांढरे रंग फासू नयेत, मुलाची कातडी नाजूक असते. चष्मा तारेचा करू नका. कोळशाने नाकावर रेघ ओढली तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला चष्मा दिसतो. रंगमंचावर बारीक काम दिसत नाही. लांबून ओळखू आले पाहिजे, हीच परीक्षा.

मुलांची नाटके करणाऱ्या मोठ्या माणसांनीही हे ओळखले होते. सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत मुलांच्या नाटकांसाठी ‘लिटल थिएटर’ ही संस्था काढली. तिचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’, रत्नाकर मतकरी यांनी लिहिलेले. त्यात चेटकीण होती. चेटकीण पुढे आली की लहान मुलाला कुणी सांगावे लागत नाही, ही चेटकीण. तिचा वेशच ते सांगतो. आपली म्हातारीही तशीच व्हावी. मुंबईचे मोठे रंगमंच आणि आपला शाळेचा ओटा यांत अंतर पुष्कळ आहे, पण पाहणाऱ्या पोराचे डोळे सारखेच.

एक बहीण विचारते, मुलगा असेल तर? मुलग्यालाही हाच झगा. गोष्टीतला भोपळा काही मुलगा-मुलगी पाहत नाही. वाघ करायचा असेल तर वरचा भाग हाच ठेवावा, घेराऐवजी पायजमा, आणि काळ्या चिंध्यांचे पट्टे. मात्र वाघाचा मुखवटा करताना डोळ्यांची आणि नाकाची भोके मोठी ठेवा. मूल घाबरते ते वाघाला नाही, श्वास कोंडल्याला.

संमेलन झाले की झगा लगेच टाकून देऊ नका. पाने उसवा, खालचा नेफा उसवा, इलास्टिक काढा. तीन इंच लांबी मोकळी होते. घरात घालायचा पिवळा झगा मिळतो. तो दोन वर्षे चालेल, कारण वर एक इंच सैल आहेच.

कागदी नमुने नीट घडी करून पाकिटात ठेवावेत. पाकिटावर आपल्या हाताने लिहावे : भोपळ्याचा झगा, मुलीचे नाव, वय, छाती चोवीस, तारीख. शेजारणीला द्याल तेव्हा कोणाला दिला तेही लिहा, म्हणजे परत मागता येतो.

फीत आणि कात्री आम्ही येथे चटईवर ठेवली आहे. जुनी वर्तमानपत्रेही आणली आहेत. ज्यांच्या मुलांची नावे संमेलनात आहेत त्यांनी आधी यावे. मापे एकीने घ्यावीत आणि दुसरीने लिहावीत. लिहिणारीने आकडा मोठ्याने वाचून दाखवावा.